टाचेतली पोकळी

धाकट्याची टाच अख्खा सीझन दुखत होती. पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं पोरगं, शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळायला उतरायची हौस, मग दुखतंय म्हणून सांगतंय कशाला! वस्तादांनी तेल चोळलं, सासूबाईंनी आंबेहळद उगाळून लावली. मॅचमध्ये पाय मुरगळला म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा टाचेच्या हाडात पुढच्या बाजूला काळपट त्रिकोण दिसला.

'ट्यूमर' हा शब्द कानावर आला आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समोर बसवून समजावलं. हा सिंपल बोन सिस्ट. कॅन्सर नव्हे, पसरत नाही. हाडात पोकळी तयार होते आणि तिच्यात पाणी साठतं. त्या जागी हाडाची जाळी मुळातच विरळ, त्यामुळे धडधाकट टाचसुद्धा एक्स-रेवर कधी पोकळ भासते. म्हणून सीटी आणि एमआरआय दोन्ही करून घेतलं.

पोकळी लहान असेल, दुखत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. याची मात्र हाडाच्या आरपार रुंदीभर पसरलेली, लांबीतही 30 टक्क्यांच्या वर. एवढी मोठी झाली की हाड मोडायची भीती. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचाही पर्याय होता, पण टाचेत खरवडून भरण्याचा गुण जास्त येतो, असं डॉक्टरांचं मत पडलं. मला ते पटलं.

टाचेच्या बाहेरच्या अंगानं छेद घेतला. तिथूनच पायाची एक नस जाते, ती जपावी लागते. आधी सुईनं पाणी ओढलं. नंतर मला सिरिंज दाखवली, आतलं पाणी करडईच्या तेलासारखं पिवळं, नितळ. मग हाडाला खिडकी पाडून आतलं अस्तर खरवडलं आणि कमरेच्या हाडाचा चुरा घेऊन पोकळी गच्च भरली. खरवडलेलं सगळं तपासणीला गेलं. तो रिपोर्ट चांगला आला, तेव्हाच माझ्या जिवात जीव आला. हा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय कुणी स्वस्थ बसू नका.

टाचेपेक्षा कंबरच जास्त दुखली त्याची. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, आणि आमचा जिना लाकडी, उभा. पोरगं पायरीवर बसून, हातावर भार देत, एकेक पायरी उलटं वर सरकायचं. खाली हे कुबड्या धरून उभे. शेजारच्या काकू पाया सूपचं पातेलं घेऊन यायच्या. हाड त्यानं भरतं की नाही ठाऊक नाही, पण पोरगं चार घास जास्त खायचं.

खेळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांची टाच दुखते ती बहुतेक वेळा वाढीच्या जागेवरच्या ताणानं, विश्रांतीनं बरी होते. आमचा सतरा वर्षांचा. या वयात दुखणं हटत नसेल तर तेल ठेवा बाजूला आणि एक एक्स-रे काढा.

पोकळी पुन्हा धरू शकते, म्हणून पुढची काही वर्षं एक्स-रे चालूच राहणार. सध्या हलकं पळायला परवानगी आहे. वस्ताद रोज विचारतात, "वैनी, कवा सोडताय त्याला?" पुढचा एक्स-रे झाल्याशिवाय नाही. बूट माझ्या कपाटात आहेत.