आमची वाटचाल : पाण्याच्या मर्यादेत केलेली वाढ

यंत्रांच्या सुट्या भागांवर जस्त आणि निकेलचे प्लेटिंग करून देणे, म्हणजे त्यांचा पातळ थर चढवणे, हे आमच्या छोट्या कारखान्याचे काम. या धंद्यात पाणी खर्च होते ते मुख्यतः धुण्यावर. कारण टाकीतून काढलेला प्रत्येक नग रसायनाचा पातळ थर घेऊन बाहेर येतो आणि तो पुरेसा विरळ झाला नाही तर पुढची प्रक्रिया बिघडते. हजारपट विरळपणा हवा असेल, तर एकाच टाकीत दर लिटर रसायनामागे सुमारे 1000 लिटर पाणी सोडावे लागते. त्याऐवजी आम्ही ओळीने तीन टाक्या बसवल्या आणि ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून मालाच्या उलट दिशेने फिरवले. हिशेबाने तीच सफाई 10 लिटरच्या आसपास होते. टाकीतले पाणी नीट ढवळले जात नाही म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त लागते, तरीही फरक मोठा आहे.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, कारण वाचलेल्या पाण्यावर लगेच प्लेटिंगच्या टाक्यांची दुसरी लाइन टाकण्याचा मोह होतो. काटकसरी इंजिनांमुळे कोळशाचा एकूण खप वाढतो, असे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये मांडले होते आणि पाण्याचेही तसेच होऊ शकते. भूजलावर परिणाम होतो तो एकूण उपशाचा, म्हणून आम्ही वर्षभराच्या उपशालाच कमाल मर्यादा घातली. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवा सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. परिणामी पाऊस कोसळतो तो मुरायला वेळ न देता आणि मधले कोरडे खंड जमिनीतली ओल लवकर ओढून घेतात. त्यामुळे ही मर्यादा सरासरी वर्षावर न बेतता वाईट वर्षावर बेतली आहे.

कारखाने पाणी फार वापरतात असे कोणी म्हटले की, जगातल्या गोड्या पाण्याच्या उपशापैकी सुमारे 70 टक्के शेतीसाठी होतो, हे कारखानदारांचे आवडते उत्तर. मात्र निकेल मिसळलेले थोडे पाणीही त्याच शेतीचे बरेच पाणी नासवते. आम्ही सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो, पण उरलेले खारट पाणी साध्या पद्धतीने आटवायचे तर लिटरमागे 0.6 युनिटहून अधिक ऊर्जा लागते. पाणी वाचवण्यासाठी इंधन जाळून हवामानावरच भार टाकणे आम्हाला पटत नाही. त्यामुळे नवी लाइन तूर्त थांबवली असून, नग टाकीवरच अधिक वेळ निथळू देऊन रसायन कमी वाहून जाईल, अशी व्यवस्था आधी करत आहोत.