विचारायला काय जातंय

घरात सासूबाई आहेत, दोन जावा आहेत, माहेरी आई आणि तिच्या बहिणी, म्हणजे भाकरीच्या बाबतीत सगळ्यांचा मिळून दोनेकशे वर्षांचा अनुभव एका फोनवर हजर आहे, आणि तरी माझी भाकरी चिरायला लागली की मी विचारते कुणाला, तर गिरणीत दळण टाकून उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला.

तिनं लगेच उत्तर दिलं नाही हे मला आवडलं. आधी तिनंच विचारलं, "ज्वारी कुठली? दळून किती दिवस झाले?" म्हटलं मंगळवेढ्याकडची मालदांडी आहे, घरात अजून मागचं पीठ शिल्लक आहे, होतील वीस-पंचवीस दिवस. "मग विरी गेलीय ओ त्याची, त्यात भाकरीची काय चूक." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. थोडं थोडं दळत जा, आठवड्याला पुरेल एवढंच, आणि ते जुनं पीठ संपवायचंच असेल तर पाणी असं कडकडीत घाल की बोट घालायची छाती होऊ नये, मग चमच्यानं हलव, आणि मळताना हात राखू नको, तळहातानं रगड. झालं. तिचं दळण आलं, डबा कमरेवर घेऊन गेली. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ धरून ठेवायला दुसरं कुणी नाही, उकळतं पाणी पडलं की त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापताना कड फाटत नाही, हे शास्त्र मी नंतर वाचलं. बाईंना ते बोटाला कळत होतं.

आता हेच सासूबाईंना विचारलं असतं तर उत्तर अगदी हेच मिळालं असतं, शब्दाचाही फरक नाही. पण उत्तराबरोबर आणखी बरंच काही आलं असतं. आमच्या वेळी जात्यावर कसं दळायचो ते आलं असतं, दुसऱ्या दिवशी मी तव्यापाशी असताना त्या सहज म्हणून स्वयंपाकघरात आल्या असत्या, सहज म्हणून पाण्याच्या पातेल्यात डोकावल्या असत्या, आणि दिवाळीत सगळे जमल्यावर "हिला इतक्या वर्षांनी भाकरी मला विचारायला लागली" हे कौतुकानंच सांगितलं गेलं असतं. कौतुकानंच हं, त्यात वाईट काही नाही. पण नात्यातला सल्ला एकदा घेतला की तो पाळावा लागतो, आणि पाळला की नाही याचा हिशोबही द्यावा लागतो. अनोळखी माणसाचा सल्ला ऐकून, मान डोलावून, कोपऱ्यावर वळताना सोडून दिला तरी चालतो. मला वाटतं आपण परक्याला विचारतो ते त्याला जास्त कळतं म्हणून नाहीच, त्याचं न ऐकण्याची सोय असते म्हणून.

सोलापुरात तर अनोळखी माणसाशी बोलायला निमित्तही लागत नाही. नळाला रोज पाणी नाही, मग रस्त्यात दिसेल त्याला "तुमच्याकडं पाणी आलं का ओ?" हा प्रश्न सुरुवातीला चालून जातो. तिथून पुढं बोलणं कुठंही जाऊ शकतं. पाण्यावरून टाकीवर, टाकीवरून गुडघेदुखीवर, गुडघ्यावरून मुलाच्या लग्नावर. मधल्या मारुतीपाशी भाजी घेताना शेजारच्या बाईनं माझ्या पिशवीत डोकावून "शेंगा चटणीला घेतलाव काय? मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत फिरवा" असं न विचारता सांगितलेलं आहे. बरोबरच होतं ते, उखळात कुटताना दाण्यातून तेल सुटत सुटत येतं आणि चटणी लोळागोळा न होता ओलसर राहते, मिक्सर एकदम फिरवला की एक तर कोरडी पूड होते नाहीतर लगदा. लसूण सोलायचा नाही, सालासकट घालायचा, हेही तिनंच सांगितलं. यावर दुसरी एक बाई थांबली आणि म्हणाली छे छे, सोललेलाच घालायचा, आणि त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात मी भाजी घेऊन निघून गेले तरी कुणाच्या लक्षात आलं नसेल.

स्वयंपाकाचं ठीक आहे, फार तर एक चटणी बिघडेल. तब्येतीचं मात्र वेगळं प्रकरण आहे.

आमच्या ह्यांना मूतखडा झाला. सोनोग्राफीत चार मिलिमीटर. सोलापुरात ही बातमी सांगितली की समोरचा दचकत नाही, त्याचे डोळे चमकतात, कारण त्याला स्वतःला नाहीतर त्याच्या मेव्हण्याला झालेला असतोच. आमचा उन्हाळा म्हणजे पारा चव्वेचाळिशीच्या आसपास, सगळं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते आणि तिच्यातले क्षार खाली बसून खडा धरतो. त्यामुळं दवाखान्यात नंबर येईपर्यंत आमची चार वेळा तपासणी झाली. एका आजींनी हुलग्याचं कढण सांगितलं, सकाळ-संध्याकाळ वाटीभर. एका मुलीनं पानफुटीची पानं, अनशापोटी, चावून खायची, गिळायची नाहीत. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे लावलेले एक काका आधी इकडंतिकडं बघून ह्यांच्या कानाशी लागले आणि बिअर म्हणाले. आणि टोमॅटो बंद, यावर मात्र अख्ख्या बाकड्याचं एकमत. कंपाउंडरसुद्धा आतून ओरडला, "बिया वाईट ओ टोमॅटोच्या!"

आत डॉक्टर काय म्हणाले, तर पाणी भरपूर प्या, दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे दिवसाला, दुखलं तर ही गोळी, ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी निघून या, नाहीतर वाट बघा, एवढा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. टोमॅटोचं मी मुद्दाम विचारलं. हसले. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ऑक्झलेट टोमॅटोत फार थोडं असतं, भरपूर असतं ते पालकात. आणि दूध बंद करू नका म्हणाले, जेवणातलं कॅल्शियम ते ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवतं, तिथून पुढं किडनीपर्यंत जाऊ देत नाही. बाहेर बाकड्यावर पालकाचं नाव एकानंही काढलं नव्हतं.

तर ह्यांनी सगळंच केलं. कढण प्यायले, पानं चावली, बिअर तर औषध म्हणून फारच मन लावून घेतली, डॉक्टरांचं पाणीही प्यायले, आणि खडा पडला. आता श्रेय कुणाला? पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेकांचा पडतोच, त्यामुळं ज्यानं जे केलेलं असतं त्याला तेच लागू पडलेलं असतं, आणि उरलेलं आयुष्य तो तेच सांगत फिरतो, अगदी मनापासून, खोटं त्यात काही नसतं. आमचे हे आता दवाखान्याच्या बाकड्यावर बसले की कढण मोठ्यानं सांगतात आणि बिअर हळू.

इथं ती सोय उलटी फिरते. आपल्याला ऐकायचं बंधन नसतं तसं त्याला सांगितल्याचंही काही बंधन नसतं. भाजलं की टूथपेस्ट लाव हे मला किमान तीन पिढ्यांच्या अनोळखी लोकांनी सांगितलंय, आणि खरं तर वीस मिनिटं साध्या वाहत्या नळाखाली हात धरायचा असतो (आता नळाला पाणी नसेल तर तांब्यानं ओता, काय करणार), पेस्ट नाही, बर्फसुद्धा नाही. कुत्रं चावलं की जखमेत मिरची भरा म्हणणारे अजून आहेत. साबण आणि पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, यात दुसरं मत चालतच नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. मिरची सांगणारा तोवर आपल्या घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. त्याचा पत्तासुद्धा आपल्याकडं नसतो.

पण म्हणून बाकड्यावरचं सगळंच ओवाळून टाकावं असंही नाही. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी द्या, हे आज एसटीत कुणीही कुणालाही सांगतं, आणि ते आजीच्या बटव्यातलं म्हणूनच सांगतं. पण त्याचा मोठा धडा मिळाला १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात, बंगालात बनगावला निर्वासितांच्या छावणीत. कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती, सलाईन संपत आलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून लोकांना प्यायला दिलं, ते पाजायला आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच बसवलं, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. घरचं माप म्हणजे लिटरभर स्वच्छ पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको, हे मात्र एसटीतल्या माणसाकडून सुटतं. तेवढं एक आपण पुढं सांगताना घालायचं.

रीतीभातींसाठी तर परकाच लागतो, कारण घरच्यांना त्या माहीतच नसतात. सोलापूर म्हणजे एका गल्लीत चार भाषा. पूर्व भागात तेलुगू, इकडं कन्नड, तिकडं दखनी, आणि मराठी सगळीकडं थोडी थोडी, तीही "काय करलालाव बे" असल्या आमच्या चालीची. ऑफिसातल्या एका लिंगायत मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा मी पहिल्यांदाच तसल्या घरी गेले होते. देहाला बसवलेलं, कपाळावर विभूती, बाजूला कन्नडमध्ये भजन. मला काहीच कळेना. उभं राहायचं, बसायचं, पाया पडायचं, फूल वाहायचं? आणि घरी गेल्यावर अंघोळ? मैत्रिणीला असल्या वेळी काय विचारणार. दाराशी बसलेल्या एका बाईंशेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, फूल वाहा, नमस्कार कर, वाटेल तेवढा वेळ बस, आमच्यात सुतक धरत नाहीत, अंघोळीचं तुझं तू बघ. बसवण्णांच्या विचारात जन्माचं-मरणाचं सुतकच मानलेलं नाही, हे मला सिद्धेश्वरांच्या गावात जन्म काढून त्या दिवशी नीट कळलं. निघताना "येते" म्हणायचं नाही एवढं मात्र मला माहीत होतं, नुसती उठले, त्यांनीही नुसती मान हलवली.

आणि जगण्याबिगण्याचे प्रश्न म्हणाल तर त्याला रात्रीची गाडी. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूर सोडते तेव्हा सगळे डबे उघडतात, दाळ-कांदा आणि कडक भाकरीचा वास सुटतो, आणि कुर्डुवाडी येईपर्यंत माणसं अशी काही बोलून जातात की जे सख्ख्या भावाला सांगितलेलं नसतं. मीही एकदा सांगितलं, मुलगी इंजिनिअरिंग सोडून दुसरंच काहीतरी शिकायचं म्हणतीय, घरात रोज वाद, काय करू. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाद तुमचा आणि तिचा आहे, का तुमचा आणि त्यांचा?" मग पांघरूण डोक्यावर ओढून झोपल्या. मी दौंडपर्यंत जागी. गिरणीतल्या बाईसारखंच, आधी उलट प्रश्न. मला आता तीच खूण वाटते, जो विचारायच्या आत सांगायला लागतो त्याचं हसून ऐकायचं, आणि जो आधी दोन गोष्टी विचारून घेतो त्याचं जरा कान देऊन.

अडचण एवढीच की आमच्या गावात अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही. हुलगे आणायला मी मुद्दाम लांब, कुंभार वेशीकडं गेले होते, ओळखीचं कुणी नको म्हणून. दुकानदारानं हुलगे मोजता मोजता विचारलं, खडा केवढा, कुठल्या बाजूला. सांगितलं. कुठं राहता? सांगितलं. साहेब मूळचे कुठले? अक्कलकोटचे म्हटल्यावर त्यांनी मापच खाली ठेवलं. अक्कलकोट म्हणजे त्यांच्या मेव्हण्याची सासुरवाडी, आणि पुढच्या तीन मिनिटांत ते, मी आणि आमच्या थोरल्या जाऊबाईंचे मामा एका वेलीवर येऊन बसलो. पैसे घेईनात. जबरदस्तीनं दिले.

घरी येऊन पिशवी ठेवते तोवर फोन वाजला. थोरल्या जाऊबाई. "अगं भावोजींना खडा झालाय आणि आम्हाला दुकानदाराकडून कळायचं का? परक्यांना विचारत हिंडतीस, घरात माणसं नाहीत का आपल्या?" मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर त्या मध्येच म्हणाल्या, "ते असू दे. कढण मी उद्या करून पाठवते, रोज पाठवणारंय, सोडायचं नाही. आणि टोमॅटो बंद कर आधी."