नाक दाखव बरं

2020-21 चा अख्खा हिवाळा मी कोलोरॅडोतल्या एका स्की रिसॉर्टवर लिफ्टच्या, म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांच्या, पायथ्याशी उभं राहून काढला. डेन्वरमधलं ज्या डे-केअरमध्ये मी काम करायचे ते कोविडमध्ये बंद पडलं, आणि नेमकी त्याच वर्षी रिसॉर्टवाल्यांना माणसं मिळेनात. एरवी पेरू, अर्जेंटिनाकडची कॉलेजची पोरं जे-वन व्हिसावर येऊन लिफ्ट चालवतात, पण जून 2020 मध्ये सरकारनं ते व्हिसाच थांबवले, मग आमच्यासारख्या आसपासच्या लोकांना घेतलं.

आधीच्या मार्चमध्ये, 14 तारखेला, गव्हर्नरनी राज्यातले सगळे स्की रिसॉर्ट बंद करायला लावले होते, भर सीझनमध्ये. त्यामुळे या वेळी मॅनेजरपासून पार्किंगवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच धसका, परत बंद पडायला नको. ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीच्या गावाचं सगळ्यांना माहीत होतं, तिथल्या बारमधून कोरोना अर्ध्या युरोपात गेला. डोंगरावर उघड्या हवेत स्की करताना धोका कमी, खरी भीती बंद खोलीची. म्हणून आमचे सगळे नियम त्यावरच बेतलेले. तिकीट आधी ऑनलाइन बुक केलं असेल तरच यायचं, खिडकीवर काही मिळणार नाही. लॉजमध्ये, म्हणजे खाली बसून खायच्या, गरम व्हायच्या इमारतीत, मोजकीच माणसं, दारावर एकजण मोजायला उभा, एक बाहेर आला की एक आत. बूट गाडीतच चढवा, डबा गाडीतच खा, तुमची गाडी हाच तुमचा लॉज असं बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहिलेलं असायचं.

माझं काम रांगेचं. दोन रांगांच्या मधली एक रांग मुद्दाम रिकामी ठेवायची, तिला आम्ही घोस्ट लेन म्हणायचो. आणि लिफ्टच्या खुर्चीत एका घरचे किंवा एका ग्रुपचेच एकत्र बसवायचे, अनोळखी माणसं शेजारी शेजारी नाहीत. म्हणजे चार सीटच्या खुर्चीत कित्येकदा एकटाच माणूस वर जायचा. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या आणि खाली रांग पार पार्किंगपर्यंत, लोक वैतागायचे पण थांबायचे.

14 फेब्रुवारी 2021, प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड, रविवार. त्या दिवसांत ध्रुवाकडची थंडी पार टेक्सासपर्यंत उतरली होती. सकाळी आमच्या शॅकवरचा, म्हणजे लिफ्टशेजारच्या स्टाफच्या खोपटावरचा, थर्मामीटर उणे 25 सेल्सियस दाखवत होता, वर वारा. आणि गर्दी फुल्ल, कारण बुकिंग महिनाभर आधीच झालेलं, थंडी आहे म्हणून कोण सोडणार.

एरवी अशा थंडीत लिफ्टवाले सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. नाकाच्या शेंड्यावर, गालावर पांढरा ठिपका दिसला की लगेच सांगायचं, बाबा रे, आत जा, गरम हो. फ्रॉस्टनिप म्हणतात त्याला, फ्रॉस्टबाइटच्या, म्हणजे कातडी गोठण्याच्या, आधीची पायरी, आणि गंमत अशी की ज्याला होतं त्याला कळतच नाही, कारण तिथली कातडी बधिर झालेली असते. समोरच्यानंच बघायचं असतं. पण या वर्षी बघणार काय? हेल्मेट, गॉगल, मास्क, चेहरा असा नाहीच. माझ्या तर हे डोक्यातच आलं नव्हतं, आम्हाला मास्क नाकावर आहे ना एवढंच तपासायला शिकवलेलं.

साडेदहाच्या सुमाराला रांगेतून आवाज आला, "आई, मला आता काहीच दुखत नाहीये." मराठी ऐकून मी वळले. सहा-सात वर्षांची मुलगी, सोबत आई. मी म्हटलं, "आधी दुखत होतं का गं?" आई दचकलीच, मग म्हणाली, "अहो ताई, मघापासून नाक दुखतंय नाक दुखतंय म्हणून रडत होती, लॉजपाशी गेलो तर बाहेरच वीस मिनिटांची लाइन, आता दुखायचं थांबलंय म्हणून परत आलो." दुखायचं थांबलं हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

जोडीदाराला लिफ्ट स्लो करायला सांगितली आणि मुलीचा मास्क खाली केला. खाली केला म्हणजे सोलून काढावा लागला, श्वासानं ओला होऊन तो पत्र्यासारखा कडक झाला होता आणि नाकाला चिकटलेला. नाकाचा शेंडा आणि दोन्ही गालांवर मेणासारखे पांढरेफटक डाग.

शॅकमध्ये एका वेळी एकच माणूस, तेही स्टाफचंच, असा नियम. मी दोघींना आत बसवलं, हीटर लावला, आणि स्वतः दारात उभी राहिले. "चोळू नका हं, अजिबात चोळू नका," आईला सांगितलं, "तुमचा हात काखेत गरम करून नुसता गालावर ठेवा." रेडिओवरून स्की पेट्रोलला, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाला, बोलावलं. पाच-सात मिनिटांनी गालाला रंग आला आणि पोरगी जी भोकाड पसरून रडायला लागली, इतकं बरं वाटलं मला ते रडणं ऐकून! पेट्रोलवाल्यानं बघून सांगितलं, वेळेत कळलं, फोड येणार नाहीत. तिला कोरडा मास्क दिला, तर हुंदके देत म्हणाली, "मावशी, हा नको, हा पण गार होईल."

संध्याकाळी सुपरवायझरला मी नियम मोडल्याचं स्वतःच सांगितलं, आणि हेही सांगितलं की लॉजमध्ये माणसं मोजताय ते बरोबरच आहे, पण कुडकुडणाऱ्या पोराला त्या मोजणीत धरू नका. ओला मास्क उणे 25 मध्ये मुलांच्या तोंडावर ठेवायचा तर प्रत्येक लिफ्टवर कोरडे मास्क पाहिजेत. तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शॅकमध्ये कोरड्या मास्कचं खोकं होतं, आणि लॉजच्या दारावर लहान मुलांसाठी वेगळी, बिनरांगेची वाट केली होती.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली. लिफ्टवर बसायच्या आधी प्रत्येक पोराला सहा फुटांवरून म्हणायचं, दोन सेकंद नाक दाखव. मार्च उजाडेपर्यंत नेहमी येणारी मुलं मी काही बोलायच्या आधीच मास्क खाली करून, मान वर करून माझ्यासमोर उभी राहायची.