कापसाशेजारचं बुकबाइंडिंग

दिवाळी झाली की आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा. वरूड तालुक्यातलं तीन खोल्यांचं घर, भाव चढायची वाट पाहत समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. त्यात मला सुचलं बुकबाइंडिंग! खळ लावलेल्या पुठ्ठ्यावर कापसाचे तंतू हमखास येऊन बसतात, म्हणून शिवणं घरात आणि चिकटवणं छपरीत, अशी वाटणी केली.

प्रेस, कटिंग मशीन हे मनातून काढूनच टाकलं. दोन पाटांच्या मध्ये वही ठेवून वर मसाल्याचा दगडी पाटा ठेवते. घडी दाबायला चमच्याची पाठ. पोती शिवायची दाभण घरात असते, पण तिची भोकं मोठी पडतात आणि खळ आत झिरपते. गोधडीची सुई बरी. पानांच्या कडा थोड्या वरखाली राहतात. राहू द्याव्या.

डोकं घालावं ते कागदात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या घडीला समांतर त्याचे तंतू असतात. वहीचा कणा त्याच दिशेनं हवा. बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेनं असतात, त्यामुळे तो मधोमध दुमडला की वही ताठच राहते, नीट उघडत नाही. लांबीच्या दिशेनं तंतू असलेला ए-थ्री घेऊन मधोमध कापला, की तेच तुकडे दुमडायला योग्य होतात. चार कागद एकात एक घातले की १६ पानांची जुडी.

खळ मैद्याची. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, आणि तो आमच्याकडे असतोच, संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट (बुरशीवरचा मोरचूद-चुन्याचा लेप) लावायला. विषारी आहे, त्याचं भांडं वेगळंच ठेवावं. जुन्या, मोलाच्या पुस्तकांना मात्र मी मोरचूद घालत नाही. कागदाला तो पुढे बाधतो. त्यांच्यासाठी लागेल तेवढी ताजी खळ शिजवते.

मे महिन्यात हे काम पहाटेच करावं. ऊन चढलं की खळ पसरायच्या आत वाळते. पुठ्ठ्याला बाहेरून कापड चिकटवलं की वाळताना तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो. आतून अस्तराचा कागद लावला की ती ओढ बरीचशी फिटते. तरी पुरतं वाळेपर्यंत पाट्याखालून काढायचं नाही.

मामाजी आधी नुसते बघायचे. परवा म्हणाले, “सूनबाई, माही भजनाची वही जमते का त पाय बरं.” तिची पानं सुटी झालीत, घड्याच उरल्या नाहीत. पातळ कागदाच्या पट्ट्यांनी दोन-दोन पानं जोडून आधी घड्या करायच्या, मग शिवायच्या. अक्षर शाईपेनाचं आहे, ओल लागली की पसरेल. म्हणून खळ घट्ट आणि पट्टी अगदी अरुंद ठेवणार आहे.