आमची वाटचाल : सागाचा स्टँड आणि त्याच्या जोडीचं हूड

पलंग-कपाटं सोडून आम्ही फिश टँकचे स्टँड आणि हूड (टँकवरचं लाइट बसवायचं झाकण) या एकाच कामाला लागलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कामं येत गेली, आम्ही देत गेलो. सांगायचं आहे ते मधल्या एका वाईट वर्षाचं.

एका दुकानदाराने आमचा चार फुटी स्टँड नमुना म्हणून ठेवून घेतला आणि त्याची नक्कल पार्टिकल बोर्डात, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीत, करून घेतली. सनमायका तोच, हँडल तेच, भाव जवळपास निम्मा. आमच्या ऑर्डरी थांबल्या, मागची बाकी अडकली, कारागिरांचे पगार उसने काढून दिले. गाळा सोडायची वेळ आली होती. राग भावाचा नव्हता. नक्कल फक्त दिसणाऱ्या बाजूंची झाली होती, आणि गिऱ्हाइकाला मात्र 'तोच माल' म्हणून विकली गेली.

हिशेब बघा. चार बाय दीड बाय दोन फुटी टँकमध्ये काठोकाठ 340 लिटर पाणी मावतं, म्हणजे 340 किलो. काच आणि वाळू धरली की साडेचारशेच्या पुढे. हे वजन वरच्या चौकटीतून सरळ पायांवर उतरलं पाहिजे, म्हणून आमची चौकट पायांच्या डोक्यावर बसते. नकलेत वरची फळी दोन बाजूंच्या मध्ये स्क्रूवर टांगलेली होती. शिवाय पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा आणि तळाची कड उघडीच. पाणी बदलताना सांडलेले थेंब तिथूनच शिरतात, बोर्ड फुगतो, स्क्रू सैल होतात आणि टँक एका कोपऱ्यात खचतो. खालचं थर्माकोल बारीकसारीक उंचसखलपणा सांभाळून घेतं, वाकलेली फळी नाही. मग ताण काचेच्या सांध्यावर येतो.

त्या पडत्या काळात डिस्कस मासे पाळणारे एक काका घरचा जुना सागवानी स्टँड घेऊन आले. पॉलिश पांढरं पडलेलं, खिळ्यांभोवती काळे डाग, आणि वर तस्संच दिसणारं हूड हवं होतं. त्यांनी घाई केली नाही, भाव पाडला नाही, आणि पुढे ओळखीतले कितीतरी जण आमच्याकडे पाठवले. कारखाना उभा राहिला तो त्यांच्यामुळे.

अशा कामाला हात घालणाऱ्यांनी क्रम पाळावा. टँक पूर्ण रिकामा करून उतरवायचा. अर्ध्या पाण्यासकट सरकवायचा नाही. जुनं लाखेचं पॉलिश 80 नंबरच्या पेपरने काढायचं, मग 120, 180, 240, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) ओल्यात एकत्र आलं की काळा डाग पडतो. तो घासून जात नाही. खिळा काढून ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी लावायचं, डाग उतरला की स्वच्छ पाण्याने दोनदा पुसायचं. हातमोजे हवेतच, आणि वाळल्यावर घासताना मास्क. नवे स्क्रू स्टेनलेसचे.

हूडला 12 मिमीचा 710 मार्कचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवुड, वर साग व्हेनियर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा, कडांना सागाचीच पट्टी. हूडचं आतलं माप टँकच्या बाहेरच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला 3 मिमी जास्त धरा, नाहीतर पावसाळ्यात हूड अडकतं. आतून हूडच्या खालच्या काठापासून एक इंच वर आधारपट्टी लावली की हूड काचेवर नीट बसतं आणि पाण्याची रेघ झाकली जाते. उंची आठ इंच पुरते. मागे पाइपसाठी खाच आणि वाफ जायला फट ठेवा, पुढे लांब स्टेनलेस बिजागरीवर उघडणारी फळी.

नवा साग फिका असतो, जुना गडद. म्हणून रंग त्याच व्हेनियरच्या तुकड्यावर लावून, वर सीलर (पॉलिशआधीचा अस्तराचा हात) मारून, टँकच्याच लाइटखाली जुळवून बघायचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग घरी वेगळा दिसतो. स्टँड आणि हूड दोन्हीला पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) एकाच डब्यातला, एकाच दिवशी.

डिस्कसचं पाणी 28 ते 30 अंशांवर असतं, त्यामुळे हूडची आतली बाजू कायम दमट. पीयूचे बाहेर दोन हात आणि आत एक, असं करणारे पुष्कळ आहेत. मग फळी एका बाजूने ओल धरते आणि वाकते. आम्ही आत तीन हात देतो, शेवटचा पांढरा, म्हणजे उजेडही वाढतो. खाच, भोकं, बिजागरीखालची जागा ब्रशने वेगळी भरतो. भर पावसाच्या दिवशी पीयू मारू नका, त्यावर पांढुरका धूर बसतो. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, हूड टँकवर ठेवू नका. लाइटची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता झोळाच्या तळाशी गळेल.