आमची वाटचाल: १७.१ वरून १५.०

लोणावळ्यात चिक्की करणं काही नवलाचं नाही. मान वळवाल तिकडे चार पाट्या दिसतात. आमच्या मालात वेगळी होती ती वेष्टनामागची चौकट. ३० ग्रॅमची एकेक वडी बंद पाकिटात आणि मागे ऊर्जा, प्रथिनं, स्निग्धांश, साखर. किलोवर सुटी चिक्की तोलणाऱ्यांनी तेव्हा हसून घेतलं. पुढे त्याच चौकटीनं आमची भट्टी बंद पाडायची वेळ आणली, म्हणून आधी तिचाच हिशेब.

प्रमाण पहिल्या दिवसापासून एकच: भाजून सोललेले दाणे १० किलो, गूळ ७ किलो. गुळातलं पाणी उडतं, गाळ निघतो आणि साधारण ६.६ किलो पाक उरतो. म्हणजे तयार मालात दाणे ६० टक्के, पाक ४०. शंभर ग्रॅमला सुमारे ५१५ कॅलरी, २९ ग्रॅम स्निग्धांश, ३७ ग्रॅम साखर. वडीमागे धरलं तर १५५ कॅलरी आणि ११ ग्रॅम साखर. लेबलच्या नियमात दिवसाची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. त्यातली पाचव्या हिश्श्याहून जास्त एका वडीतच संपली. गुळाची असली तरी ती साखरच. लोहाचंही तसंच. वडीत गूळ जेमतेम १२ ग्रॅम, त्यातून लोह मिळणार अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आणि बाईमाणसाची दिवसाची गरज २९. म्हणून ‘लोहयुक्त’ हा शब्द आम्ही कधी छापला नाही. गिऱ्हाईक मागतं, तरी नाही.

मधली वर्षं चालली तशी चालली. मग मॉलच्या एका साखळीची मोठी मागणी आली.

वेष्टनावर प्रथिनं १७.१ टक्के होती. आकडा आमच्या मनचा नव्हता, प्रयोगशाळेनं सही-शिक्क्यानिशी दिलेला. साखळीनं आपल्या प्रयोगशाळेत तपासलं, तिथे १५.० आले. करारात दहा टक्क्यांपर्यंत घट चालणार होती, आमची भरली सव्वाबारा. सगळा माल परत. गोम अशी, की प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजतच नाही. ती मोजते नायट्रोजन आणि त्याला ठरलेल्या आकड्यानं गुणते. आमच्या वडीत नायट्रोजन २.७४ टक्के. सरसकट चालतो तो गुणक ६.२५, त्यानं १७.१ येतात. शेंगदाण्याचा स्वतःचा गुणक ५.४६; त्यानं १५. माल तोच, यंत्र तसंच, फरक फक्त गुणाकाराचा. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून आम्ही हे लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. त्या लेबलचे वर्षभराचे रोल छापून गोदामात पडले होते, ते रद्दीत गेले. तेव्हा नव्यानं उतरणाऱ्यांनो, अहवाल हातात आला की आधी गुणक विचारा, मग छपाईचा सिलिंडर करायला टाका.

त्याच सुमाराला एक मोठा ‘नट बार’ शेल्फावर आला. पुढे बदामाचं चित्र, वर ‘हाय प्रोटीन’. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणून मागचा बारीक मजकूर वाचावा: आधी ओट्स, मग ग्लुकोज सिरप, मग सोयाचे कुरमुरे आणि बदाम शेवटाकडे. आता बदामात प्रथिनं शंभराला २१ ग्रॅम, काजूत १८, दाण्यात २५. बदामात ई जीवनसत्त्व आणि तंतू जास्त, ते नाकारायचं कारण नाही. पण प्रथिनांच्या नावानं विकायचं तर शेंगदाण्याला तोड नाही, आणि त्याला सुकामेव्यात कुणी बसवत नाही. नियमानं ‘हाय’ म्हणायला शंभर ग्रॅममागे रोजच्या गरजेचा पाचवा हिस्सा लागतो. ५४ ग्रॅमची गरज धरली तर तो झाला १०.८. म्हणजे आमची साधी गूळ-दाण्याची चिक्कीसुद्धा त्यात बसते! आम्ही छापलं नाही, कारण माणूस शंभर ग्रॅम खात नाही, एक वडी खातो. तिच्यात साडेचार ग्रॅम.

ईर्षेपायी मात्र आम्हीही एकदा पावडर घातली. उकळत्या पाकात दुधाच्या प्रथिनांची पावडर पडली की ती करपते. रंग काळपट होतो आणि त्या तापात लायसिन हे अमिनो आम्लच, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, खराब होतं, जे दाण्यात मुळात कमी असतं. पाक निववून घातली तर पावडर पाकातलं पाणी ओढत राहते. वडी ताजी असताना मऊ, महिन्यानं वीट. शेवटी दाण्यातले दहा टक्के काढून त्या जागी पंढरपुरी डाळं घातलं. प्रथिनांचा आकडा तिथेच राहतो, पण डाळ्यात लायसिन बरं असतं, तेवढी उणीव भरते. डाळं शेवटच्या ढवळणीत टाकावं, नाहीतर पीठ होतं.

आकडा नेमका राहायचा तर कढईवर नजर हवी. गूळ लॉटगणिक बदलतो. दिवाळीनंतरचा नवा, खडखडीत गूळ आणि पावसाळ्यात पाणी सुटलेला जुना गूळ एकाच तापमानाला एकसारखे वागत नाहीत. जुन्यात फुटलेली (ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली) साखर जास्त, ती हवेतला ओलावा ओढते आणि वडी कागदाला धरते. म्हणून थर्मामीटर असला तरी वाटीभर गार पाणी शेजारी ठेवावंच. थेंब टाकला, बाहेर काढला, दाताखाली टक्कन मोडला तर पाक झाला. दाताला चिकटला तर अजून आच. दाणे कोमट असताना घालावेत. गार दाण्यांनी पाक जागीच धरतो आणि लाटणं फिरत नाही. पाटाच्या दोन्ही कडांना आठ मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या असाव्यात, नाहीतर हात जड पडतो, दाणा चिरडतो, तेल बाहेर येतं. तेल सुटलेला दाणाच आधी खवट होतो. कापायला मिळतात दोन-तीन मिनिटं. पुढे सुरी लागली की भुगा.

शंभर किलो कच्च्या दाण्याचे हातात येतात नव्वद. ओलावा, सालं आणि निवड. निवडीत कंजुषी नको. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही आणि ते बहुतेक सुरकुतलेल्या, डाग पडलेल्या दाण्यांत साठतं. सोलल्यावर ते उघडे दिसतात, म्हणून निवड सोलण्यानंतर आणि सरकत्या पट्ट्यावर दोन बायका समोरासमोर. तयार खाद्यात मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. मूठभर वाईट दाणे अख्खा घाणा नापास करायला पुरतात.

माल परत आला त्या पावसाळ्यात एकच गिऱ्हाईक तुटलं नाही: जुन्या हायवेवरचे औषधांच्या दुकानाचे काका. त्यांच्याकडे लाल बासनाची वही आहे. खोका उघडला की बॅच नंबर, तारीख, आणि पहिली वडी अंगठ्याच्या नखानं दाबून शेरा. ‘कागद सोडतो.’ ‘कागद धरतो.’ ‘कडेला वास.’ पॅकिंगच्या खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणायचं यंत्र आम्ही घेतलं ते कुठल्या अहवालावरून नाही. वहीत जुलैच्या सगळ्या ओळींपुढे ‘धरतो’ होतं म्हणून. वेष्टनावर आता १५.० छापतो. काकांनी नवी चौकट चष्मा वर करून वाचली, आकडा कमी का झाला ते विचारलं, ऐकून घेतलं आणि वहीत नवीन बॅच नंबर लिहून दोन खोके उतरवून घेतले.