तुम्ही विचारलंत म्हणून: नाचतो घोडा, मग वरचा माणूस करतो काय?

2023च्या हांगझोऊ एशियाडमध्ये हृदय छेडा, अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं (रायडरच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने नाचल्यासारख्या चाली करून दाखवायच्या आणि परीक्षकांनी मार्क द्यायचे, तो खेळ) टीम गोल्ड आणलं, घोडेस्वारीत तब्बल 41 वर्षांनी, आणि तेव्हापासून मी रायडिंग करते हे माहीत असलेला जो तो विचारतो की अहो, यात माणूस नुसता कोट घालून बसलेला दिसतो, मेहनत तर घोड्याची!

नुसतं बसलेलं दिसायलाच वर्षं जातात हो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये (स्पॅनिश का, तर घोड्यांचं मूळ रक्त स्पेनचं) नवीन पोराला सुरुवातीला लगाम देत नाहीत, रिकीब पण नाही. मुरलेल्या घोड्यावर बसवतात, घोडा लांब दोरीवर गोल फिरतो, दोरी शिक्षकाच्या हातात, आणि पोराने फक्त मांड पक्की करायची. दुडक्या चालीचा प्रत्येक झटका कमरेत जिरवायचा, घाबरून गुडघे आवळले की गेलात वर उडत. पूर्ण रायडर व्हायला 8 ते 12 वर्षं. आणि मग तोच नवख्या घोड्यांना शिकवणार, कारण ही विद्या घोड्याकडून माणसाला आणि माणसाकडून घोड्याला अशीच जाते.

आता एवढी मांड कशासाठी? घोड्याचं वजन मुळातच पुढच्या पायांवर जास्त, त्यात आपण बसलो की अजून. ते हळूहळू मागे न्यायचं, सगळा खटाटोप एवढाच. आपली पाठ सरळ, पोटऱ्या हलक्या मिटलेल्या, लगामाची मूठ क्षणभर बंद आणि लगेच सैल. हे ‘लगेच सैल’ जमत नाही लोकांना, धरून बसतात. जमलं तर घोड्याचे मागचे पाय पोटाखाली येतात, पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, खाली बसतो, पुढचा भाग हलका होतो. मग तो जागच्या जागी दुडकतो, त्याला पियाफ म्हणतात. त्याच्याही पुढे लेवाद, मागचे पाय दुमडून पुढचं अंग उचलून तसंच धरायचं, जमिनीशी जेमतेम 35 अंश. सरळ उभं राहणं त्यापेक्षा सोपं, बिथरलेला घोडाही राहतो.

मारून शिकवतात का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मारणारे आहेत, खोटं कशाला बोलू. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एका नामांकित ब्रिटिश रायडरचा घोड्याच्या पायांवर चाबूक चालवतानाचा व्हिडिओ आला आणि तिने माघार घेतली. मला तर हनुवटी छातीला टेकवून चालवलेले घोडेही बघवत नाहीत, मग मार्क कितीही पडोत. शेपूट सारखी फटकारतोय, तोंड उघडं पडतंय, तर समजायचं की काहीतरी जबरदस्ती चाललीये.

व्हिएन्नाला गेलात तर त्या स्कूलच्या मोठ्या शोचं महागडं तिकीट राहू द्या, सकाळचा सराव बघा, स्वस्त असतो. तिथे चुकतातही, घोडा मध्येच तिरका होतो, रायडर त्याला थोडं चालवून परत त्याच जागी आणतो, आणि माणूस काय करतो ते तेव्हाच दिसतं.